बॅटनचा प्रवास : इस्तंबूलच्या नौबतीपासून अमेरिकी कॉलेजच्या मैदानापर्यंत

अमेरिकेत एखादं तरुण विद्यापीठ नावारूपाला येऊ लागलं की इमारती, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांच्यानंतर एक दिवस तिथं फुटबॉलचा संघ उभा राहतो आणि त्याच्या मागोमाग बँड येतो. जॉर्जिया स्टेट विद्यापीठानं २०१० साली फुटबॉल सुरू केला, सॅन अँटोनिओच्या टेक्सास विद्यापीठानं २०११ साली, तर शार्लट विद्यापीठानं २०१३ साली. तिन्ही ठिकाणी मार्चिंग बँडही उभे राहिले. जॉर्जिया स्टेटचा बँड तर जेमतेम तीन वर्षांचा असताना, जानेवारी २०१३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या दुसऱ्या शपथविधीच्या संचलनात वॉशिंग्टनच्या रस्त्यावरून चालला.

अशा बँडमध्ये शे-दोनशे मुलं-मुली गणवेशात असतात. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ढोल, झांजा अशी वाद्यं असतात. आणि या सगळ्यांच्या पुढं चमचमत्या पोशाखात एक किंवा अनेक मुली असतात. त्यांच्या हातात वाद्य नसतं. दोन-अडीच फुटांची धातूची एक सडपातळ काठी असते. ती बोटांतून फिरते, कोपरावरून घरंगळते, पंचवीस-तीस फूट वर उडते आणि मुलगी स्वतःभोवती गिरक्या घेऊन ती पुन्हा अचूक झेलते. या काठीला बॅटन म्हणतात आणि ती फिरवणारीला ट्वर्लर किंवा मेजरेट.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे हॉलिवूडच्या सिनेमात पाहिलं असेल आणि 'अमेरिकी चोचले' म्हणून सोडून दिलं असेल. पण या काठीचा इतिहास उलगडत गेलं की त्यात उस्मानी सल्तनत लागते, गुलामगिरी लागते, अमेरिकेचं यादवी युद्ध लागतं, स्त्रियांचा आणि कृष्णवर्णीयांचा संघर्ष लागतो. काठी कुणाच्या हातात द्यायची आणि कुणाच्या नाही, याचाच तो इतिहास आहे.

चोबदार आणि ड्रम मेजर

आधी काठीचं मूळ काम समजून घेऊ. पंढरीच्या वारीत पालखीच्या मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदार आपला दंड उंचावतो आणि टाळ-मृदंगाचा एवढा मोठा कल्लोळ क्षणात थांबतो. 'चोपदार' हा शब्द फारसीतल्या 'चोबदार'वरून आला आहे. चोब म्हणजे लाकूड, काठी. बादशहाच्या दरबारात चांदीची मूठ असलेला दंड घेऊन उभा राहणारा तो चोबदार. गर्दीला शब्दांनी आवरता येत नाही, तिला लांबून दिसणारी खूण लागते. दरबार असो, दिंडी असो की पलटण, हे तत्त्व सगळीकडं सारखंच आहे.

युरोपच्या फौजांमध्ये हे काम ड्रम मेजर करत असे. पुढं चालणारा हा उंचापुरा माणूस मोठ्या गोल मुठीचा लांब, जड दंड वर-खाली करून मागच्या ढोलवाल्यांना केव्हा सुरू करायचं, केव्हा वळायचं, केव्हा थांबायचं हे सांगायचा. ढोलांच्या गडगडाटात हुकूम ऐकू जात नाही, म्हणून तो डोळ्यांना दाखवायचा. पुढं पुढं हा दंड नुसता हलवण्याऐवजी फिरवण्याची, फेकून झेलण्याची चढाओढ सुरू झाली आणि शिस्तीच्या खुणेचा खेळ झाला. आजची हलकी बॅटन ही त्याच जड दंडाची नात आहे. तिचं एक टोक जरा मोठं आणि दुसरं लहान असतं. त्यामुळं तिचा तोल बरोबर मध्यावर न येता मोठ्या टोकाकडं किंचित सरकतो. मोठ्या मुठीच्या त्या दंडाची एवढी आठवण तिच्यात शिल्लक आहे.

मेहतर : युरोपनं ऐकलेली नौबत

काठी युरोपची असली, तरी तिच्यामागं जे वाजतं त्यातला बराच भाग इस्तंबूलहून आला. उस्मानी फौजेच्या, विशेषतः जॅनिसरी पलटणींच्या वाद्यवृंदाला 'मेहतर' म्हणत. त्यात दाउल म्हणजे मोठा ढोल, नक्कारा, झांजा, झुर्ना, कर्णा आणि घुंगरं लावलेला दंड असे. आपला नगारा हा शब्द ज्या अरबी 'नक्कारा'वरून आला, त्याच शब्दाचं 'नेकर' हे रूप मध्ययुगीन इंग्रजीतही सापडतं. एकच वाद्य एका बाजूनं रायगडाच्या नगारखान्यात पोहोचलं आणि दुसऱ्या बाजूनं इंग्लंडच्या राजवाड्यात.

१६८३ साली व्हिएन्नाचा वेढा फसला आणि उस्मानी सत्तेची युरोपातली घोडदौड थांबली. पण शत्रूचं संगीत मात्र जिंकलं. अठराव्या शतकात पोलंड, रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया अशा दरबारांना आपल्याकडंही 'तुर्की संगीत' हवंसं वाटू लागलं. मोठा ढोल, झांजा, त्रिकोण आणि घुंगरांचा दंड युरोपच्या पलटणींत दाखल झाले. मोझार्ट आणि बीथोव्हेन यांच्या रचनांमध्येही तो ठेका उतरला.

झांजांची गोष्ट तर अजून मजेदार आहे. इस्तंबूलच्या अवेदिस नावाच्या एका आर्मेनियन कारागिरानं तांबं आणि कथिलाचा खास मिश्रधातू तयार केला आणि १६२३ साली झांजा घडवण्याचा कारखाना काढला. 'झिल' म्हणजे झांज. त्यावरून घराण्याचं नाव 'झिलजियान' पडलं. १९२९ साली हे घराणं आपलं काम अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात घेऊन गेलं. आज अमेरिकी कॉलेजच्या बँडमध्ये जी झांज वाजते, तिच्यावर बऱ्याचदा याच घराण्याचं नाव कोरलेलं असतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अलीकडं तुर्की मालिकांमुळं आपल्या तरुणांमध्ये मेहतरच्या चालींचं फार आकर्षण आहे. मोबाईलच्या रिंगटोनपर्यंत त्या आल्या आहेत. पण १८२६ साली सुलतान दुसरा महमूद यानं जॅनिसरी पलटणी मोडून काढल्या तेव्हा मेहतरही बंद झाला. त्याच्या जागी युरोपीय धर्तीचा बँड उभा करायला सुलतानानं १८२८ साली इटलीहून ज्युसेप्पे डोनिझेट्टी या संगीतकाराला बोलावलं. म्हणजे इस्तंबूलकडून युरोप शिकला आणि मग युरोपकडून इस्तंबूल. आज ऐकू येणारा मेहतर हा विसाव्या शतकात नव्यानं उभा केलेला आहे. आणि मूळ जॅनिसरी म्हणजे बाल्कनमधल्या ख्रिस्ती घरांतून लहानपणीच उचलून आणलेली मुलं होती, हेही विसरून चालणार नाही. या नौबतीचा अभिमान बाळगायचा तर तिच्यातली ती रडणारी आईही लक्षात ठेवावी लागेल.

ढोल वाजवणारे काळे हात

युरोपनं तुर्की वाद्यं उचलली तेव्हा ती वाजवायला 'पूर्वेकडचा' वाटेल असा माणूसही हवा होता. तुर्क मिळेनात, म्हणून आफ्रिकी वंशाची माणसं आणली गेली. त्यांना फेटे, जाकिटं, भडक पोशाख चढवले गेले. १७५९ साली ब्रिटिशांच्या २९ व्या पायदळ पलटणीत ग्वादेलूप बेटावरून आणलेली काळी मुलं ढोलकरी म्हणून दाखल झाली. पुढं सुमारे ८० वर्षं त्या पलटणीत ही प्रथा चालली. हीच पलटण १७६८ साली बॉस्टनमध्ये उतरली, आणि १७७० साली बॉस्टनमध्ये नागरिकांवर जो गोळीबार झाला तो करणारे शिपाईही हिचेच. ढोलकऱ्यांकडं आणखी एक काम असे. शिक्षा झालेल्या शिपायांना फटके मारण्याचं. ज्या शहरात काळी माणसं गुलाम होती, तिथल्या भर चौकात काळे ढोलकरी गोऱ्या शिपायांना चाबकानं फोडताहेत, हे दृश्य बॉस्टनकरांनी पाहिलं.

लंडनच्या शाही रक्षक दलाच्या बँडमध्येही असे काळे वादक होते. ठोका मारला की ढोलाची काठी हवेत उडवायची आणि पुढच्या ठोक्याच्या आत दुसऱ्या हातानं झेलायची, अशा त्यांच्या करामती पाहायला गर्दी लोटत असे. काठी उडवून झेलण्याची ही जी नजाकत आहे, तिचे पूर्वज शोधताना ड्रम मेजरच्या रुबाबदार गोऱ्या चेहऱ्यापाशी थांबणं बरोबर नाही. ज्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत अशा या ढोलकऱ्यांचाही त्यात वाटा आहे.

पलटणीतून कॉलेजात

अमेरिकेत बँड कॉलेजात कसा शिरला, याचं उत्तर एका कायद्यात आहे. यादवी युद्ध ऐन भरात असताना, १८६२ साली, मॉरिल कायदा झाला. सरकारी जमीन विकून शेतकी आणि यंत्रविद्येची महाविद्यालयं काढायची आणि तिथं इतर विषयांसोबत लष्करी शिक्षणही द्यायचं, असं त्यात ठरलं. कवायत आली म्हणजे ढोल आलाच. इंडियाना राज्यातलं पर्ड्यू विद्यापीठ याच कायद्यातून जन्मलं. तिथला बँड १८८६ साली विद्यार्थ्यांच्या कवायतीसाठी पाच ढोलकऱ्यांनी सुरू केला. १९०७ साली याच बँडनं मैदानात चालता चालता विद्यापीठाच्या नावाचं पहिलं अक्षर उभं करून दाखवलं. पलटणीची रांग मोडून बँड मैदानावर चित्रं काढायला लागला तो इथून.

पण या सगळ्यात मुली कुठं होत्या? जवळपास नव्हत्याच. बँड ही लष्कराची औलाद होती आणि लष्कर पुरुषांचं. १९३० च्या दशकात शाळा-कॉलेजांच्या बँडपुढं मुली दिसू लागल्या. ड्रम मेजरचं स्त्रीलिंगी रूप म्हणून त्यांना 'ड्रम मेजरेट' म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात मुलगे आघाडीवर गेले तेव्हा अनेक बँडमध्ये मुलींनी वाद्यंही हाती घेतली. युद्ध संपलं, मुलगे परतले आणि मुलींना पुष्कळ ठिकाणी पुन्हा बाजूला व्हावं लागलं.

१९५४ साली पर्ड्यूच्या बँडचे नवे संचालक अल राइट यांनी हुआनिता कार्पेंटर या विद्यार्थिनीला एकल ट्वर्लर म्हणून पुढं आणलं. त्या काळात पर्ड्यूच्या फुटबॉल संघाचा लेन डॉसन हा खेळाडू 'गोल्डन बॉय' म्हणून गाजत होता. म्हणून ही झाली 'गोल्डन गर्ल'. ही परंपरा पर्ड्यूमध्ये आजही सुरू आहे आणि तिचं अनुकरण इतर विद्यापीठांनीही केलं.

आता एक विसंगती पाहा. ज्या काळात सोनेरी पोशाखातली मुलगी बँडच्या सर्वांत पुढं नाचत होती, त्याच काळात अनेक मोठ्या विद्यापीठांच्या मार्चिंग बँडमध्ये मुलीला ट्रम्पेट घेऊन उभं राहायलाही जागा नव्हती. मिशिगन विद्यापीठाच्या मार्चिंग बँडमध्ये मुलींना १९७२ साली प्रवेश मिळाला, ओहायो स्टेटमध्ये १९७३ साली. मुलगी बँडची शोभा होऊ शकत होती, पण बँडची सभासद होऊ शकत नव्हती. पुढं उभं करणं आणि आत घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला यापेक्षा सोपं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

ही दारं अशी अचानक का उघडली? जून १९७२ मध्ये 'टायटल नाइन' नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढीच त्याची तरतूद. त्यासाठी झटणाऱ्यांमध्ये हवाईच्या पॅट्सी मिंक होत्या. अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आलेल्या त्या पहिल्या गौरेतर महिला. स्वतः जपानी वंशाच्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण स्त्री म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांनी दार लावलं, तेव्हा त्या वकिलीकडं वळल्या. त्यांच्या मृत्यूनंतर, २००२ साली, या कायद्याला त्यांचं नाव देण्यात आलं.

कायदा झाला म्हणून काठी लगेच हातात आली असं नाही. ओहायो स्टेटमध्ये बँडचा दंड पहिल्यांदा एका मुलीच्या, शेली ग्राफच्या, हातात आला तो १९८१ साली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या लष्करी थाटाच्या बँडमध्ये तर १९८५ उजाडावं लागलं, आणि तेही एका विद्यार्थिनीनं कोर्टात धाव घेतल्यावर.

मिसिसिपीतला १९६२ चा उन्हाळा

काठी फिरवणं हा निरागस खेळ असला तरी तो ज्या मैदानावर चालतो ते निरागस असेलच असं नाही. मिसिसिपी विद्यापीठात, म्हणजे लोक ज्याला 'ओल मिस' म्हणतात तिथं, उन्हाळ्याच्या सुट्टीत डिक्सी नॅशनल बॅटन ट्वर्लिंग इन्स्टिट्यूट नावाचं शिबिर भरत असे. शेकडो मुली तिथं काठी शिकायला यायच्या. १९६२ च्या उन्हाळ्यात टेरी सदर्न हा लेखक त्यावर लिहायला तिथं गेला. तो स्वतः दक्षिणेतला, टेक्सासचा. फेब्रुवारी १९६३ मध्ये 'एस्क्वायर' मासिकात आलेला त्याचा लेख आज नव्या धाटणीच्या पत्रकारितेतला एक सुरुवातीचा नमुना म्हणून वाचला जातो. वरवर तो मुलींच्या सरावाचं गमतीदार वर्णन करतो, पण ओळींच्या मधून त्या गावातला वर्णभेद डोकावत राहतो.

लेख छापून येईपर्यंत ते गाव जगभर पोहोचलं होतं. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणानं हवाई दलात नऊ वर्षं नोकरी केली होती. त्याला ओल मिसमध्ये शिकायचं होतं. कोर्टानं प्रवेशाचा हुकूम दिला, पण राज्याचे गव्हर्नर रॉस बार्नेट आडवे आले. २९ सप्टेंबर १९६२ रोजी जॅक्सन शहरात ओल मिसचा फुटबॉल सामना होता. मध्यंतरात, एरवी ज्या वेळी बँड आणि ट्वर्लर मैदानात असतात त्या वेळी, बार्नेट माइकसमोर उभे राहिले. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचे झेंडे फडकत होते आणि स्टेडियम त्यांच्या नावानं गरजत होतं. गंमत अशी की हेच गव्हर्नर आतून राष्ट्राध्यक्ष केनेडींशी फोनवर तडजोडीची बोलणी करत होते.

दुसऱ्याच रात्री विद्यापीठाच्या आवारात दंगल उसळली. दोन माणसं मारली गेली. त्यातला एक फ्रेंच पत्रकार होता. १ ऑक्टोबरला मेरेडिथनं सैनिकांच्या पहाऱ्यात प्रवेश घेतला आणि ऑगस्ट १९६३ मध्ये पदवी घेऊनच तो बाहेर पडला. पण दक्षिणेच्या जुन्या दिवसांची आठवण काढणारं 'डिक्सी' हे गाणं ओल मिसच्या बँडनं सामन्यात वाजवणं बंद केलं ते थेट २०१६ साली. चोपन्न वर्षं लागली. बँड काय वाजवतो यावरून मैदान कुणाचं आहे हे कळतं. गाणं वाजत असताना कुणाची मान ताठ होते आणि कुणाची खाली जाते, एवढं पाहिलं तरी पुरे. हा प्रश्न फक्त मिसिसिपीचा आहे असं समजण्याचं कारण नाही.

ज्यांनी स्वतःचं मैदान बनवलं

गोऱ्यांच्या विद्यापीठात प्रवेश नाही म्हणून कृष्णवर्णीयांची वेगळी महाविद्यालयं होती. १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्यानं त्यांनाही सरकारी पैसा मिळू लागला, अर्थात भेदभाव कायम ठेवूनच. या कॉलेजांच्या बँडनी पुढं असं काही केलं की गोरी विद्यापीठं पाहत राहिली.

विल्यम फॉस्टर हे नाव इथं महत्त्वाचं आहे. कॅन्सस विद्यापीठात संगीत शिकणाऱ्या या तरुणाला तिथल्या अधिष्ठात्यानं सांगितलं की काळ्या माणसासाठी वाद्यवृंद संचालकाच्या नोकऱ्या नाहीत. फॉस्टर १९४६ साली फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात रुजू झाले आणि १९९८ पर्यंत तिथंच राहिले. त्यांनी घडवलेला 'मार्चिंग १००' हा बँड गुडघे छातीपर्यंत उचलत, क्षणात मुंगीच्या चालीनं तर क्षणात वाऱ्याच्या वेगानं चालायचा. त्याची नक्कल देशभर झाली. १९८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला पॅरिसमध्ये जे संचलन झालं त्यात अमेरिकेच्या वतीनं हाच बँड गेला. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही आपल्या संविधानातली तीन मूल्यं ज्या क्रांतीनं गाजवली तिच्या उत्सवात ज्यांना शतकानुशतकं ती नाकारली त्यांची मुलं अमेरिकेचं प्रतिनिधित्व करत होती.

जॅक्सन स्टेट कॉलेजातली घटना याहून वेगळी आहे. मे १९७० मध्ये या कॉलेजच्या वसतिगृहावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दोन तरुण गेले. त्यानंतरच्या शैक्षणिक वर्षात, १९७०-७१ मध्ये, बँडच्या मेजरेट मुलींना आपल्या बॅटन खाली ठेवायच्या होत्या. त्यांच्या मार्गदर्शक शर्ली मिडलटन यांनी कॉलेजच्या अध्यक्षांना तसं पटवून दिलं. काठीऐवजी त्या आपल्याच अंगानं, आपल्याच लयीत नाचू लागल्या. 'प्रान्सिंग जे-सेट्स' नावानं हे पथक आज प्रसिद्ध आहे आणि त्यांची शैली मोठ्या पॉप गायिकांच्या मंचापर्यंत गेली. म्हणजे काही मुलींसाठी काठी हातात येणं ही मुक्ती होती आणि काहींसाठी ती खाली ठेवणं. निर्णय त्यांचा होता, हा दोन्हींतला समान धागा.

पण या बँडांना देव्हाऱ्यात बसवण्याचीही गरज नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये मार्चिंग १०० च्याच एका ड्रम मेजरचा, सामना संपल्यावर बसमध्ये सहकाऱ्यांनी केलेल्या मारहाणीत मृत्यू झाला. 'परंपरा' म्हणून चालत आलेलं हे रॅगिंग होतं. बँड जवळपास दीड वर्षाहून अधिक काळ बंद ठेवावा लागला. विद्यापीठाच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं, काही विद्यार्थी तुरुंगात गेले. बाहेरच्या जुलमाविरुद्ध उभी राहिलेली संस्था आतल्या जुलमाला शिस्त म्हणू लागते तेव्हा असं होतं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. तरी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वसतिगृहातून बातमी येतेच. कायद्याला न दिसणाऱ्या खोल्या सगळीकडं असतात.

नवा बँड, जुना प्रश्न

नव्या बँडची एक गोष्ट सांगून पुढं जातो. अलाबामातलं टॅलाडेगा कॉलेज १८६७ साली, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांच्या पुढाकारानं सुरू झालं. विद्यार्थी जेमतेम हजाराच्या आत. फुटबॉलचा संघ नाही. तरी अलीकडच्या काळात त्यांनी एक बँड उभा केला आणि तो बघता बघता नावाजला. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या शपथविधीच्या संचलनात जाण्याचं आमंत्रण या बँडनं स्वीकारलं आणि वादळ उठलं. माजी विद्यार्थी म्हणाले, आपल्या पूर्वजांचा हा अपमान आहे. कॉलेज म्हणालं, मुलांना देशापुढं कला दाखवायची संधी आहे, हा पक्षाचा कार्यक्रम नाही. अखेर बँड गेला. प्रवासखर्चासाठी काढलेल्या लोकवर्गणीत सहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली.

बरोबर कोण? मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. ज्यांच्या आजोबांना दारात उभं केलं नाही, त्यांच्या मुलांनी राजधानीच्या रस्त्यावर ताठ मानेनं चालावं, यात गैर काय? आणि सत्ता आपल्या मिरवणुकीत कुणाला पुढं चालवते आणि कशासाठी, हे विचारणंही तितकंच रास्त. अठराव्या शतकात फेटा बांधून उभ्या केलेल्या काळ्या ढोलकऱ्याचीही हीच अडचण होती. तो तिथं होता, सगळ्यांना दिसत होता, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं. टॅलाडेगाच्या मुलांच्या बाबतीत निदान वाद तरी झाला, बोलता आलं. दोनशे वर्षांत एवढा फरक पडला.

आपण यातून काय घ्यायचं?

ट्वर्लरचा विषय निघाला की आपल्याकडं दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक तिच्या पोशाखापाशी अडकते, दुसरी तिला पाहून 'बघा, याला म्हणतात स्वातंत्र्य' असं म्हणते. दोन्ही प्रतिक्रियांमध्ये मुलीच्या हाताकडं कुणाचं लक्ष नसतं. एक झेल अचूक बसायला वर्षानुवर्षं सराव लागतो. बोटं सोलवटतात, काठी तोंडावर आदळते. वर गेलेली काठी खाली यायला किती वेळ लागेल आणि तेवढ्यात आपल्या किती गिरक्या बसतील, हा हिशेब अंगात मुरवावा लागतो. या कलेच्या जागतिक स्पर्धा १९८० पासून भरतात. पहिली सिअॅटलमध्ये झाली. जपानसारख्या देशात तर हा शाळांमधला गंभीर खेळ आहे. पोशाख कोणता असावा यावर मतं असू शकतात आणि ती त्या मुलींचीही असतात. पण चर्चा तिथंच संपवली तर तिचं कसब आपण पाहिलंच नाही असं होतं.

शिक्षक म्हणून मला वाटतं, आपल्या शाळांतही हे तपासून पाहावं. २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला संचलन होतं. पाहुण्यांच्या स्वागताला, ओवाळायला, पुष्पगुच्छ द्यायला मुली पुढं असतात. लेझीमच्या पथकातही असतात. पण बँडचा दंड कुणाच्या हातात असतो? बिगुल कोण वाजवतं? ढोल कोण बांधतं? उर्दू शाळा असो की मराठी, हे प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. मुलींना पुढं उभं केलं म्हणजे त्यांना आत घेतलं, असा आपलाही समज असतोच. समाज म्हणून आपली तक्रार तर नेमकी हीच आहे की ईदच्या शिरखुर्म्याला आणि मुशायऱ्याच्या मंचावर आपल्याला आवर्जून बोलावतात, पण निर्णय होतात त्या खोलीत खुर्ची नसते. मग तीच वागणूक आपण आपल्या मुलींना देणार असू, तर तक्रारीचा हक्क कमी होतो.

इस्तंबूलचा ढोल, युरोपचा दंड, आर्मेनियन माणसाची झांज, आफ्रिकी माणसाचे हात आणि अमेरिकी मुलीची बोटं, एवढं सगळं मिळून आजचा कॉलेज बँड झाला आहे. 'हे मूळ आमचंच' असं म्हणून कुणालाही त्यावर मालकी सांगता येणार नाही. मात्र ज्यानं त्यानं आपला वाटा ओळखावा आणि दुसऱ्याचा नाकारू नये. इतिहास शिकवताना मुलांना एवढं जरी कळलं तरी तास वाया गेला नाही असं मी समजतो.